परसातली पाखरं

ज्वारीवर भोरड्या पडल्या की आपण गोफण उचलतो. या भोरड्या इथल्या नव्हेत. मध्य आशियाकडून थंडीत येतात, चैत्राच्या आसपास परत जातात. पाटाच्या कडेनं शेपूट हलवत फिरणारा पिवळा धोबीही असाच हिवाळी पाहुणा.

पाहुणे निघतात तेव्हा घरची पाखरं संसार मांडतात. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर बघा. थंडीत नर मादीसारखाच मळकट, गळ्यावर काळा पट्टा तेवढा. फाल्गुनात तोच काळा-जांभळा चमकतो. कोळ्याची जाळी, गवत, सालीचे तुकडे जोडून लोंबतं घरटं मात्र मादीच बांधते. तो गातो! (ओळखीचं वाटलं ना?) कुहू करणारा काळा कोकीळही नरच, ठिपक्यांची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.

चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. म्हणून वळचणीला घरटं दिसलं की परसबागेत विषारी फवारणी नको. वांग्यावरच्या अळ्या हातानं वेचा, निंबोळी अर्क वापरा. पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं उकिरड्यावर कधीच टाकू नका. पाखरं मरतात, कोंबड्याही मरतात, म्हणजे नुकसान आपलंच. विहिरीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा.

आणि मातीचं उथळ ताट पाण्यानं भरून सावलीत ठेवा, मांजराला उडी घेता येणार नाही अशा जागी. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.