डीपी काळा केला, पुढे?

2016 च्या ऑगस्टमध्ये मी धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. 13 जुलैला कोपर्डी गावात एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरत होते: घोषणा नाहीत, मुली पुढे, रस्त्यावर कचरा टाकायचा नाही. औरंगाबादपाठोपाठ आमच्याकडे मराठा समाजाचा मूक मोर्चा निघाला. मीही चालले. चपलांचा आवाज तेवढा येत होता. मागण्यांत आरक्षण आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदलही होते, त्यावरून वाद झाले. मला मात्र आजही सलतं ते वेगळंच: मुलीची जात बघून आपले फोन पेटतात, नाहीतर गप्प बसतात.

आता मी अकरावी-बारावीला शिकवते. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकाता आणि बदलापूरच्या अत्याचारांच्या बातम्यांनंतर निम्म्या वर्गाचे डीपी काळे झाले. त्याच आठवड्यात तुळजापूरहून येताना एसटीत गर्दी होती. एक माणूस एका मुलीच्या अंगावर मुद्दाम रेलत होता. ती दप्तर छातीशी घेऊन आकसत चालली होती. माझ्या वर्गातली सहा-सात मुलं तिथेच, मान मोबाईलमध्ये. मी मागून वाट काढेपर्यंत एकजण उठला. "ताई, इकडे बसा." मग त्याने कंडक्टरला हाक मारली. बाकीच्यांना नंतर विचारलं, तर उत्तर आलं, "वाटलं, कुणीतरी बोलेल." गर्दीत अनेकांना असंच वाटतं, हे लाताने आणि डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्येच प्रयोगातून दाखवलं होतं.

काळा डीपी खोटा नसतो. पण कॅनडातल्या संशोधकांना 2014 मध्ये आढळलं, की चारचौघांत पाठिंबा मिरवणाऱ्यांपेक्षा खासगीत पाठिंबा देणारे पुढे प्रत्यक्ष मदतीला जास्त तयार होतात. म्हणून मी मुलांना सांगते, आधी त्रास झालेल्या मैत्रिणीला एकटीला मेसेज कर, "मी येऊ का सोबत?" फोनमध्ये 112 आणि 1098 हे मदतीचे क्रमांक सेव्ह करायला लावते. गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्यानुसार बंधनकारक आहे. आणि पीडितेचं नाव-फोटो पसरवला तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'न्याय द्या' लिहून फोटो फॉरवर्ड करणाऱ्या पोरांना हे ठाऊकच नसतं.

परवा रात्री साडेदहाला एका विद्यार्थिनीचा मेसेज आला: "मॅडम, गावच्या ग्रुपवर एका मुलीचा फोटो आलाय. मी ॲडमिनला फोन केला. काढला त्याने."