उरलेली औषधे आणि माळ्यावरचा वॉकर

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, मुंबईतील डॉ. मार्कस रॅनी आणि डॉ. रैना या दांपत्याने बऱ्या झालेल्या रुग्णांची उरलेली औषधे सोसायट्यांमधून गोळा केली. दहा दिवसांत २० किलो! ती गावाकडच्या आरोग्य केंद्रांसाठी होती.

सांताक्रूझच्या वाकोला, गोळीबारमधील आपल्या घरांतही अर्धवट पाकिटे पडून असतात. ती परस्पर शेजारच्या ताईंना देऊ नका. त्यांचे दुखणे तेच आहे, हे कोणी ठरवले? उघडलेले सिरप, तारीख कापली गेलेली गोळ्यांची पट्टी तर नकोच. मुदत शिल्लक असलेली अखंड पट्टी डॉक्टरांना दाखवा.

वॉकर, कुबड्यांचे तसे नाही. आजोबा गेले, वॉकर माळ्यावर धूळ खातो. दोन गल्ल्या सोडून एखादी मावशी भिंत धरून चालते. पायांची झिजलेली रबरे बदला, साबणाच्या पाण्याने पुसा आणि विहारात कळवा.