हातावरचा कान

स्टेलार्क या कलावंताच्या डाव्या हातावर, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये, एक कान आहे. गोंदवलेला नाही, चिकटवलेलाही नाही. २००६ साली शल्यविशारदांनी तिथल्या कातडीखाली कानाच्या आकाराचा, सच्छिद्र प्लास्टिकचा साचा बसवला. हळूहळू त्या छिद्रांमध्ये ऊती आणि रक्तवाहिन्या वाढल्या आणि साचा अंगात मुरला. या कानाला ऐकू येत नाही. त्यात मायक्रोफोन बसवून, इंटरनेटवरून कुणालाही, कुठूनही त्यातून ऐकता यावं, अशी स्टेलार्कची कल्पना आहे. कान एकाचा, ऐकणारा भलताच!

सायप्रसमध्ये १९४६ साली जन्मलेला स्टेलिओस आर्काडिऊ ऑस्ट्रेलियात वाढला आणि १९७२ मध्ये त्याने ‘स्टेलार्क’ हे नाव घेतलं. जपानमधल्या मुक्कामात तो कातडीत आकडे अडकवून स्वतःला हवेत टांगून घेई. ते पाहणं सोपं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात कला किती आणि हट्ट किती, हा वाद आजही रास्तच आहे.

त्याच काळात, १९८० च्या सुमारास, त्याचा ‘तिसरा हात’ तयार झाला. उजव्या हाताला जोडलेला हा यांत्रिक हात पोटाच्या आणि मांडीच्या स्नायूंमधल्या विद्युत संकेतांवर चालतो. पोट आवळलं की बोटं मिटणार! १९८२ मध्ये टोकियोत त्याने तिन्ही हातांनी एकदम एकच इंग्रजी शब्द लिहिला: ‘इव्होल्यूशन’, म्हणजे उत्क्रांती. एकेका हाताच्या वाट्याला तीन-तीन अक्षरं. यंत्र अंगाला जोडणं एक वेळ जमतं. ते वापरताना डोकं ताळ्यावर ठेवणं ही खरी कसरत.

१९९५ मध्ये त्याने आपल्या शरीराची सूत्रं लोकांच्या हाती दिली. तो होता लक्झेंबर्गमध्ये आणि पॅरिस, हेलसिंकी, अ‍ॅम्स्टरडॅममधली माणसं संगणकाच्या पडद्याला बोट लावून त्याच्या स्नायूंना विजेचे झटके देत होती. हात उचलला जाई, पण उचलण्याची इच्छा दुसऱ्याची.

माणसाचं शरीर आता कालबाह्य झालंय, असं तो वर्षानुवर्षं सांगत आलाय. शरीर मात्र ते मुकाट्याने ऐकून घेत नाही. हातावरच्या कानात मायक्रोफोन बसवला, तो चाचणीत चाललाही. पण पुढे जंतुसंसर्ग झाला आणि मायक्रोफोन काढून टाकावा लागला. तरी २०१० मध्ये ऑस्ट्रियाच्या ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ने या कानासाठी त्याला ‘गोल्डन निका’ हा मानाचा पुरस्कार दिला.