ताणावर फुलणारा वसंत

फाल्गुनात गुढियारीची वस्ती मागे टाकून रायपूरबाहेर पडलं, की धानाच्या रिकाम्या शेतांच्या बांधांवर पळस फुललेला दिसतो. त्याला कुणी पाणी घातलेलं नसतं, आणि इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडून जात असल्याने जमिनीचा वरचा थर केव्हाच कोरडा पडलेला असतो. त्याच दिवसांत उद्यानांतले पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्झीचे वाफे रोज पाणी पिऊनही उतरणीला लागतात. वसंतात वसंतासाठी राखलेली बाग सुकते आणि न राखलेलं रान फुलतं, हा विरोधाभास नीट पाहिला तर एकच निष्कर्ष निघतो. विदर्भापासून छत्तीसगडपर्यंतच्या पानझडी पट्ट्यात मोठ्या उद्यानांचा वसंत झाडांवर उभा करायला हवा, आणि माळ्यांच्या कामाचं वर्षही त्या हिशेबाने आखायला हवं.

‘वसंतातली बाग’ म्हटलं की डोळ्यांपुढे ट्युलिपच्या रांगा येतात, त्या परक्या हवामानातल्या आहेत. नेदरलँड्समधल्या कॉकेनहॉफ या सुमारे 32 हेक्टरांच्या उद्यानात दर शरदात 70 लाखांच्या आसपास कंद हाताने लावले जातात, आणि पुढच्या वसंतात जेमतेम आठ आठवडे बाग लोकांसाठी उघडते. ट्युलिपच्या कंदात फूल आधीच तयार झालेलं असतं. दांडा लांबून ते वर यायला मात्र सलग तीन-चार महिन्यांची थंडी लागते, साधारण नऊ अंशांच्या खालची. श्रीनगरला 2007 साली झबरवानच्या पायथ्याशी ट्युलिप उद्यान सुरू झालं, ते तिथे शोभतं, कारण ही थंडी तिथे फुकट मिळते. रायपुरात डिसेंबर-जानेवारीतलं सरासरी किमान तापमानही 13 अंशांच्या आसपास असतं. इथे ट्युलिप फुलवायचं तर शीतगृहात थंडी दिलेले कंद दरवर्षी विकत आणायचे आणि फुलून गेले की टाकून द्यायचे. ही बागकामापेक्षा खरेदी जास्त झाली.

आपल्या हंगामी फुलांचा हिशेबही तपासून पाहावा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गादीवाफ्यांवर बी टाकायचं, चार-सहा आठवड्यांनी रोपं हलवायची, शेंडे खुडायचे, ऑक्टोबरात गुलाब छाटायचे, की डिसेंबर-जानेवारीत बाग भरते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं प्रसिद्ध पुष्पप्रदर्शन 26 जानेवारीच्या सुमारास भरतं, ते याच वेळापत्रकामुळे. ही फुलं सुंदर आहेत, पण ती शिशिरातली आहेत. मार्चमध्ये पारा पस्तिशीला पोचला की त्यांचं आयुष्य संपतं, आणि वाढत्या उन्हात पाणी घालून ती टिकवण्याची धडपड व्यर्थ ठरते.

मग पळस कशावर फुलतो? याचं उत्तर नागपूरच्या संत्रा बागायतदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आंबिया बहार धरायचा तर ते डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. झाड कोमेजतं, काही पानं गाळतं. या ‘ताणा’नंतर जानेवारीत पाणी सोडलं की कळ्या फुटतात. पानझडी झाडं हा ताण आपला आपण घेतात. पानं गळली की पानांवाटे होणारं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, खोल मुळांनी ओढलेलं पाणी खोडात आणि फांद्यांत साठतं, आणि भर कोरड्या दिवसांत कळ्या फुगवायला तेच कामी येतं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉल्फ बोर्शर्ट यांनी कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलात ही क्रिया उलगडून दाखवली. पावसाच्या कित्येक आठवडे आधी अशी अनेक झाडं एकाच वेळी पालवतात, आणि त्यांना इशारा मिळतो तो लांबत जाणाऱ्या दिवसाचा. अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही कमी वाढ पुरते, असं त्यांच्या गटाला 2002 साली आढळलं. आशियातल्या मोसमी जंगलांतही उन्हाळ्यात पालवी फुटते, यावर त्यांनी सहकाऱ्यांसह 2006 साली लिहिलं. पानं नसल्याचा आणखी एक फायदा म्हणजे फुलं लांबून दिसतात. पळसाला गंध नाही. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे शिंजिरासारखे पक्षी, आणि ते रंग पाहून येतात.

यातून माळ्याच्या कामाची दिशाच बदलते. पळस, काटेसावर, सोनसावर ही झाडं हिरवळीच्या मधोमध लावून थंडीभर नळाखाली ठेवली, तर त्यांची पानं रेंगाळतात आणि फुलोरा पानांत हरवतो. त्यांचं पाणी हिरवळीपासून वेगळं तोडलं पाहिजे. छाटणीचंही तसंच. गुलाब नव्या फुटीवर फुलतो, म्हणून तो ऑक्टोबरात छाटणं योग्य. पळस गेल्या हंगामातल्या फांद्यांवर फुलतो. त्याला हिवाळ्यात कोयता लावणं म्हणजे फुलंच कापून टाकणं. त्याची छाटणी फुलं झडल्यावर, पावसाआधी व्हावी.

झाडांना फुलायला वर्षं लागतात, हा आक्षेप खराच आहे, आणि पळस तर फार सावकाश वाढतो. सोनसावर फांदीच्या खुंटापासून लवकर हाती येते. पांगाराही येतो, पण 2005 च्या सुमारास भारतात पोचलेल्या गाठमाशीने त्याची पानं आणि शेंडे विद्रूप होतात, त्यामुळे सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. दुसरा आक्षेप तारखेचा. वाफे ठरल्या दिवशी फुलवता येतात, झाडं दोन-तीन आठवडे मागेपुढे होतात. पण श्रीनगरची बागही फुलोरा पाहूनच उघडण्याचा दिवस ठरवते आणि जेमतेम महिनाभर चालते. लोक तरीही जातात. इथे काटेसावर, मग पळस आणि सोनसावर, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि तळ्याकाठी तामण अशी ओळ लावली तर तीन-चार महिने फूल हटत नाही. उघड्या झाडांखाली सावली मिळत नाही, ही अडचण चैत्रात नव्या पानांनी भरणाऱ्या करंज आणि कडुनिंबाने भागते. झाडांच्या जोरावर बाग दीड शतकाहून अधिक काळ पाहण्याजोगी राहते, हे 1862 साली उघडलेल्या मुंबईच्या राणीच्या बागेने दाखवलं आहे. तिथे जाणकार उर्वशीच्या झाडाचा फुलोरा शोधत जातात.

हंगामी वाफे मोडावेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. जानेवारी त्यांचा आहे आणि त्यांच्याकडेच राहावा. पण पुरखौती मुक्तांगणासारख्या विस्तीर्ण जागा रायपूरच्या दारात आहेत, आणि या झाडांचं बी भोवतालच्या रानात आहे. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनमध्ये पिकून गळतात. त्या गोळा करून मृगाच्या पावसात पेरा.