फॉन्ट उडतो तेव्हा

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर माझं डीटीपीचं दुकान आहे, 1998 पासून. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, एखाददुसरा दिवाळी अंक अशी कामं मी करते. 2003 साली शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी एक जाडजूड वही आणून दिली. त्यांच्या आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या त्यात. मी 214 पानांचं मॅटर कंपोज केलं, बाईंनी प्रूफं तपासली, पण पैशांअभावी छापायचं राहून गेलं. पुढे 26 जुलै 2005च्या पावसात बाईंच्या कुर्ल्याच्या घरात पाणी शिरलं. वही गेली, प्रूफंही गेली. उरली ती माझ्याकडची सीडी.

2020च्या फेब्रुवारीत बाई आल्या. "आता छापूया गं," म्हणाल्या. मी सीडी लावली, फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, टोपी घातलेले ओ आणि स्वल्पविराम यांची रांग लागली. ओळींची लांबी तीच, कडव्यांमधली जागा तीच. मराठी मात्र एक अक्षर नाही. आमच्या धंद्यात याला 'फॉन्ट उडाला' म्हणतात.

महिन्याभरापूर्वीच मी कॉम्प्युटरची विंडोज बदलून घेतली होती. विंडोज 7ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं 14 जानेवारी 2020ला थांबलं, त्यामुळे बदल करणं योग्यच होतं. बदलाआधी जे तपासायला हवं होतं, ते मी तपासलं नाही. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चीही तीच मुदत संपली आणि बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतचे किती तरी दुकानदार, वकील, सोसायटीचे चिटणीस याच वळणावर आले. म्हणून हे सविस्तर सांगते.

विंडोज म्हणजे कार्यप्रणाली. ती बाकीच्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या पायाखालची जमीन असते. माझी जुनी विंडोज 32 बिटची होती, नवी 64 बिटची. 64 बिटच्या विंडोजवर 16 बिटचे प्रोग्राम चालतच नाहीत. नव्वदच्या दशकातल्या अनेक सॉफ्टवेअरचा निदान इन्स्टॉल करणारा भाग तरी 16 बिटचा असे. दुसरी अडचण ड्रायव्हरची. प्रिंटर, स्कॅनर यांच्याशी विंडोजचं बोलणं जो छोटा प्रोग्राम करून देतो तो ड्रायव्हर, आणि 32 बिटचा ड्रायव्हर 64 बिटच्या विंडोजला चालत नाही. माझ्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल होतं. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावायची किल्ली. ती दिसली नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही. किल्ली जागेवर होती, पण नव्या विंडोजला ती ओळखताच येईना.

प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'कम्पॅटिबिलिटी'मध्ये जुनी विंडोज निवडता येते, हे अनेकांना माहीत असतं. प्रोग्राम फक्त विंडोजची आवृत्ती पाहून अडत असेल, तर या उपायाने चालतो. 16 बिटचा प्रोग्राम किंवा नसलेला ड्रायव्हर मात्र त्याने मिळत नाही.

आता अक्षरांकडे येते. कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. जुन्या फॉन्टमध्ये जेमतेम 256 घरं असत आणि ती इंग्रजीसाठी ठरलेली होती. आपल्याकडच्या कारागिरांनी त्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, रफार, वेलांट्या. कोणता तुकडा कुठल्या घरात, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. म्हणून पडद्यावर मराठी दिसत असली, तरी फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच आकडे असत. फॉन्ट काढून घेतला की ते आकडे उघडे पडतात. बाईंच्या ओव्यांचं तेच झालं होतं.

यावरचा उपाय 1991 मध्येच जन्मला होता. युनिकोडची पहिली आवृत्ती त्या वर्षी आली आणि जगातल्या प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळू लागला. 'क'चा क्रमांक 2325. फॉन्ट कुठलाही असो, कॉम्प्युटर कुठलाही असो, 2325 म्हणजे 'क'च. विंडोजबरोबर येणारा युनिकोडचा 'मंगल' फॉन्ट घडवला तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. ते जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत काम करत, म्हणजे आपल्याच उपनगरात. आज मुंबईच्याच 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो. मी मात्र जुन्या फॉन्टवर हात बसला म्हणून वर्षानुवर्षं तोच वापरत राहिले.

घाटकोपरला पंतनगरात ओळखीचा एक छापखाना आहे. तिथे कोपऱ्यात विंडोज एक्सपीचं मशीन होतं, इंटरनेट न जोडलेलं. माझी सीडी आणि डोंगल घेऊन मी तिथे गेले. फाइल उघडली आणि पहिली ओवी दिसली, तेव्हा बाई खुर्चीवरून उठून पडद्याशी येऊन उभ्या राहिल्या. आधी सगळी पानं कागदावर छापून घेतली. मग कन्व्हर्टरने मॅटर युनिकोडमध्ये आणलं.

कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास टाकू नये. 'कि' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि क नंतर येतो. युनिकोडमध्ये क आधी. 'धर्म'मधला रफार जुन्या पद्धतीत शेवटी येतो, युनिकोडमध्ये तो 'म'च्या आधी. ही उलटापालट करताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. आमच्या फाइलमध्ये 'दऱ्या'चं सगळीकडे 'दर्या' झालं होतं. डोंगरातल्या दऱ्या ओलांडून माहेरी निघालेली लेक समुद्रावर पोहोचली होती. मी आणि बाई तीन आठवडे समोरासमोर बसलो. त्या कागदावरून वाचत, मी पडद्यावर दुरुस्त करत असे.

कार्यप्रणाली बदलायच्या आधी म्हणूनच एवढं कराच. वापरातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची, प्रिंटरची आणि डोंगलची यादी करा आणि ती नव्या विंडोजवर चालतात का, हे बनवणाऱ्याकडून विचारून घ्या. जुन्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची पीडीएफ जुन्याच मशीनवर करा, फॉन्ट आत बसवून. निदान वाचता तरी येईल. मग महत्त्वाचं मॅटर युनिकोडमध्ये न्या आणि कागदाशी ताडून पाहा. आधीच्या विंडोजवरच नवी चढवली असेल, तर साधारण 10 दिवसांत सेटिंगमधून मागे फिरता येतं. त्या दिवसांत सगळी कामं एकदा करून बघा. ऐन सीझनमध्ये बदल करू नका.

शेवटची दुरुस्ती झाली त्या दुपारी बाईंनी विचारलं, "यात आईने तुळस किती वेळा म्हटली असेल गं?" जुन्या फाइलमध्ये 'तुळस' हा शब्द नव्हताच, त्याच्या आकाराचे तुकडे होते, शोधणार कशात? आता मी वरच्या चौकटीत 'तुळस' टाइप केलं. एकेक ओवी पिवळी होत गेली आणि बाई प्रत्येक ओवी मोठ्याने म्हणत गेल्या.