शिवीची किंमत

पोलीस ठाण्याची पायरी चढणारा मनुष्य बहुधा आधीच नाडलेला असतो. त्याचे स्वागत ‘अरे-तुरे’ने किंवा शिवीने झाले, तर नुकसान अखेर राज्यकारभाराचेच होते. गुन्ह्याची माहिती हे पोलिसांचे खरे भांडवल. आणि ते नागरिक विनामूल्य पुरवितो. अपमानित झालेला मनुष्य पुन्हा तिकडे फिरकत नाही. साक्षीदार गप्प बसतात, गुन्हे नोंदीवाचून राहतात.

पोलिसांवर कामाचा असह्य ताण असतो, हे मान्य. परंतु वरिष्ठांसमोर सांभाळता येणारी जीभ हमालासमोरच का सुटावी? सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून इतरांस उपद्रव देणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमान्वये गुन्हा आहे. गणवेशाला त्यातून सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पोलिसांना अनादराची एकेरी संबोधने टाळण्यास बजावले. आदेशांची वाण नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीची. शिवीची नोंद सेवापुस्तकात होऊ लागेल, तेव्हाच महाराष्ट्र पोलिसांचे ‘सद्रक्षणाय’ हे ब्रीद सार्थ ठरेल.