शस्त्रक्रियेची वाट पाहणारा मधुमेही

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे यंत्रमागांच्या आधाराने स्थिरावली आहेत. अशा एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाच्या हृदयवाहिन्या अरुंद झाल्या असून शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टर सांगतात. त्यातच त्याला मधुमेह असतो. तारीख मिळेपर्यंत काही दिवस, क्वचित काही आठवडे जातात. जे करावयाचे ते शस्त्रवैद्यच करतील, अशी घरच्यांची बहुधा समजूत असते. वस्तुतः पूर्वतयारीचा मोठा भाग रोग्याच्या घरीच पार पडावयाचा असतो.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रेने फावालोरो यांनी पायातील शिरेचा तुकडा जोडून हृदयाला रक्त पोहोचविण्याचा मार्ग रूढ केला. या शस्त्रक्रियेत सामान्यतः छातीचे मधले हाड कापावे लागते व ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. रक्तातील साखर वाढलेली असली की जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि जखम चिघळण्याचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टर गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी करवितात. ही सरासरी आठ दिवसांत पालटत नाही, हे खरे. तथापि रोजची साखर थोड्या दिवसांतही आटोक्यात आणता येते, आणि तेवढ्यानेही लाभ होतो.

सुरत हे खवय्यांचे शहर. चांदणी पडव्याला घरोघरी घारी येते. ‘एका तुकड्याने काय होणार?’ असा आग्रह होतो. या दिवसांत तो आग्रह प्रेमाने नाकारलाच पाहिजे. साखरेऐवजी गूळ चालतो, हाही भ्रमच होय. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरावा. भाकरी मोजकी, डाळ पुरेशी आणि मीठ-तेल बेताचे असावे. बारा तासांच्या पाळीत जेवणाची वेळ चुकते व औषधाचा मेळ बिघडतो. यासाठी जेवण आणि औषध यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. काम चालू ठेवावे की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे.

घरी साखर तपासून तारीख व वेळेसह आकडे वहीत लिहावेत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, घाम सुटला, हात कापू लागले, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या काही गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही नियम निराळे असतात. म्हणून सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. आपल्या मनाने कोणतेही औषध सोडू नये.

ज्या पायातून शीर घ्यावयाची, त्याची निगा विशेष राखावी. अनवाणी चालू नये. भेगा, फोड रोज पाहावेत. दात किडला असल्यास आधीच सांगावे. तंबाखू, विडी आजच सोडावी. मधुमेहात नसा बधिर झाल्याने हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. अकस्मात धाप लागणे, घाम फुटणे, मळमळणे ही लक्षणे दिसताच तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

शस्त्रवैद्याचे कौशल्य काही तासांचे. त्याला साथ देणारी घरची शिस्त मात्र अनेक दिवसांची असते. ताट वाढणाऱ्या गृहिणीपासून वहीत आकडे लिहिणाऱ्या मुलापर्यंत सर्वांचा तिच्यात वाटा असतो.